काजळी नसलेला कोनाडा

आमच्या गावात पाहुण्यांना मागच्या दारानं घरात नेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तोही त्या घराचा मालक. शनिवार-रविवारी कळंबच्या रिसॉर्टांवरून मुंबईची माणसं आळी बघायला येत आणि या मालकांच्या ओटीसमोर फोटोला उभी राहत. ते पाहुण्यांना हातानंच बाजूला सारत. "तिकडनं नाय, हिकडनं," म्हणत घराला वळसा घालून परसात नेत. आधी गोठा, मग मोरी, मग चूल, मग माजघर, आणि सगळ्यात शेवटी ओटी. कुणी कुरकुरलं तर सांगत, "पुढनं घर नटून बसतं. मागनं या, मंग कळंल कसं जगत होतं."

गाव त्यांना फिटर म्हणायचं. साजगावच्या एका कारखान्यात उभी नोकरी फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि आळीतल्या वडिलांच्या घरी परत आले. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाय म्हणत, आणि रागावले की मॅडम.

नेरळहून कळंबकडे येताना आत वळलं की आमची जुनी आळी लागते. समोरासमोर एकोणीस घरं. काळ्या दगडाची जोती, सागाचे खांब, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, त्यांच्यावर कारवीच्या काठ्या विणून लिंपलेला कूड, आणि पावसाला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही अशा बेतानं खाली ओढलेली कौलं. चहूकडे इमारती उठल्या, पण ही आळी तशीच राहिली. का राहिली, याचं उत्तर समितीला "ग्रामस्थांच्या वारसाप्रेमामुळे" असं हवं होतं. काका म्हणायचे, "वारसांच्या भांडनामुळं, असं लिव." खरं तेच होतं. बिल्डर दारात आला तेव्हा एकाही घरातल्या सगळ्या भावांच्या सह्या एका कागदावर जमेनात. भांडणं मिटेपर्यंत मुंबईच्या आर्किटेक्ट मुलांनी येऊन आळीचे नकाशे काढले, ग्रामसभेनं ठराव केला, समिती बसली, आणि त्या समितीनं मला कामावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना आळी दाखवायची, आणि आळीच्या इतिहासाची पुस्तिका लिहायची.

मी कर्जतच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. वडील नेरळ स्टेशनवर रिक्षा चालवतात. आमची बौद्धवाडी आळीच्या मागे, ओढ्यापलीकडे. आर्किटेक्टांच्या नकाशात ती नव्हती. त्यांचा कागद ओढ्याशीच संपत होता. मला ते तेव्हा खटकलंसुद्धा नाही. नेमणुकीच्या पत्रावर माझ्या नावापुढे बी.ए. छापलं होतं, त्यातच मी खूश होते.

काकांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, कानावर पेन्सिल आणि विजारीच्या खिशात पितळी ओळंबा. दिसेल त्याचं माप घ्यायची खोड. मापाची भाषा इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ताटात भाकरी टाकली की तिला पट्टी लावून म्हणायचे, "आज दीड सूत. काल फिनिश बरी होती." काकू मला म्हणायच्या, "कंपनीनं ह्यांना रिटायर केलं गं, पन कंपनी ह्यांच्यातनं रिटायर होईना."

घरात शिरायच्या आधी खांबावर बोटाचं पेर वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे. मग पाहुण्यांकडे वळून, "आत पोकळ नाय. माझ्याबद्दल डॉक्टर एवढ्या खात्रीनं बोलत नाय." कुणी राहत नसलेल्या घरातही मापं घ्यायला चप्पल काढून जायचे. चांगल्या कामाला त्यांच्याकडे एकच शब्द होता, जॉब. खांब आणि तुळई जिथं एकमेकांना धरतात तिथं बोट लावून सांगायचे, बघ, एक खिळा नाय. लाकडानं लाकूड धरलंय आणि एवढ्या पावसाळ्यांत सोडलं नाय. ह्या जॉबला कुठला सुपरवायझर नापास करील?

ओटीच्या पायऱ्या मी नुसत्या पायऱ्या म्हणून चढत-उतरत होते. त्यांनी मला त्या वाचायला शिकवल्या. खालच्या पायरीवर कोण थांबायचा, मधल्या टप्प्यावर कोण टेकायचा, घोंगडी पसरून वर कुणाला बसवायचे. "कोन कुठवर यायचा ते दगडातच करून ठेवलंय," ते म्हणाले. कॉलेजात तीन वर्षं समाजरचना शिकले, पण ती पायरीवर हात ठेवून दाखवणारा हा पहिला माणूस.

पुस्तिकेचा कच्चा मसुदा मी आधी त्यांना वाचायला दिला. दोन दिवसांनी परत आला तो लाल पेन्सिलीनं भरून. जिथं जिथं मी "अमक्यांच्या पणजोबांनी हे घर बांधलं" असं लिहिलं होतं तिथं "बांधलं" खोडून वर "बांधून घेतलं" केलेलं. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी, त्यांचं स्वतःचं घरसुद्धा.

मी म्हटलं, काका, दोन्हींचा अर्थ एकच होतो.

"होतो काय, मॅडम? आमच्या मालकानं कारखान्यात कधी एक नट फिरवला नाय. त्याचं नाव गेटवर होतं. जॉबकार्डावर माझं असायचं." मग पट्टीनं माझ्या कागदावर टकटक करत म्हणाले, "बरं, पनजोबानं बांधून घेतलं. मंग बांधलं कोनी?"

आणि आवाज खाली आणून ते म्हणाले, "ह्या भिंती तुज्या वाडीनं उभ्या केल्यात. तुला म्हायत नाय होय?"

मला राग आला तो याचा, की मला माहीत होतं. आळीतून जाताना वडील कितीदा म्हणालेत, ही भिंत आबांच्या हातची. आबा म्हणजे माझे आजोबा. पण किल्ला राजानं बांधला, धरण सरकारनं बांधलं, हे लिहून मी पेपर सोडवले होते आणि मार्क मिळवले होते. लिहायला बसले की हातातून तेच वाक्य निघत होतं. त्या रात्री मी मसुदा फाडला नाही. लाल खुणा तशाच ठेवून पुन्हा पहिल्यापासून उतरवला.

तेव्हापासून आम्ही दोघं नावं शोधत फिरलो. सुतारांचं घर सोपं गेलं, त्यांच्या नातवंडांना तीन पिढ्यांची नावं पाठ. ठाकरवाडीत चढून गेलो तर तिथले म्हातारे हसायला लागले. कारवी तोडून कुणी आणली, असं काय विचारता, सगळ्या वाडीनं आणली. काकांनी वहीत तसंच लिहिलं, "कारवी: ठाकरवाडी, सगळी." जोत्याचे दगड घडवणाऱ्यांचा मात्र माग लागला नाही. ते कुठून आले आणि काम संपल्यावर कुठं गेले, कुणालाच सांगता येईना.

त्यांच्या स्वतःच्या घरात एक गोष्ट त्यांना कित्येक वर्षं छळत होती. मागच्या दाराशेजारी, भिंतीला बाहेरच्या अंगानं एक कोनाडा आहे. घरातले बाकीचे कोनाडे छातीच्या उंचीला, एका रेषेत. हा एकटाच कमरेच्या खाली. आर्किटेक्टांनी त्यावर "दिव्याचा कोनाडा" असं लिहिलं होतं, म्हणून मीही पुस्तिकेत तेच घातलं. काकांना ते पटत नव्हतं. त्यांनी माझं बोट धरून कोनाड्याच्या छताला आतून लावलं. "दिवा असता तर काजळी धरली असती. हाय काय काजळी?" बोट स्वच्छ निघालं. तळाला फरशीचा तुकडा बसवलेला, आणि त्या फरशीत मुरलेला एक गोल तपकिरी डाग. डागाचं माप त्यांच्या वहीत होतं, दोन इंच एक सूत. उंचीपुढे शेरा होता, "कारागिराची चूक?"

त्या डागापायी ते दिसेल त्या भांड्याच्या बुडाला पट्टी लावत. चुन्याची डबी, तेलाची बाटली, देवाची समई. काकू वैतागून म्हणायच्या, आता माझंच तेवढं माप राहिलंय.

माझी थोरली आत्या वाडीतच राहते. ऐंशीच्या घरात आहे. नजर कमी झाली, जीभ शाबूत. भिंतीची माहिती ती देईल म्हणून मी काकांना तिच्याकडे घेऊन गेले. ते तिला आक्का म्हणाले, आणि अहो-जाहो करून बोलले. आळीतल्या त्यांच्या वयाच्या माणसांच्या तोंडून आमच्या वाडीतल्या म्हातारीला "तुमी" ऐकायची मला सवय नव्हती.

आत्या खुलली. भिंतीचं विचारायला तिच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. एका पावसाळ्यात फिटरांच्या घराची मागची भिंत बसली, ती आबांनी उभी केली, तेव्हा आत्या आठ वर्षांची होती. मातीत भाताचं तूस मिसळायचं, पाणी मारायचं आणि हिनं त्यात नाचायचं. "मी तुडवलीय ती माती," ती म्हणाली. "पाय फुटले व्हते माजे, पन भितीला अजून चीर नाय. हाय काय?" काका म्हणाले, नाय. ओळंबा लावलाय, अर्धं सूतसुद्धा सरकली नाय.

तेवढ्यात चहा आला. काकांनी तो संपवला, कप उपडा केला आणि बुडाला पट्टी लावली.

आत्या हसली. "ह्ये काय वो भाऊ? चा कमी भरला काय मी?"

काकांनी मग तिला कोनाड्याचं कोडं सांगितलं. उंची चुकलेली, काजळी नाय, फरशीवर गोल डाग.

आत्याचं हसू गेलं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "दिव्याचा नाय तो. त्यात आमचा कप असायचा."

पुढचं तिनं सरळ सांगितलं, भाजीपाल्याचं सांगावं तसं. आईबरोबर ती त्या घरी गोठा काढायला जायची. काम झालं की कोनाड्यातला कप आपण काढून खाली धरायचा, घरातली बाई वरून चहा ओतायची. प्यायचा, विसळायचा, पुन्हा तिथंच ठेवायचा. कप घराच्या आत जायचा नाही. भिंत बांधताना आबांना कोनाडा नेहमीच्या उंचीला ठेवायला सांगितला होता. आबांनी खाली ठेवला.

"आबा म्हनले, माज्या पोरीनं टाचा उचलून मागायला नको. मालकाच्या ध्यानातच नाय आलं."

काका कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पांढरा होता. कान तुटलेला."

"तुमी बघितलावता?"

"बघितला. मला वाटायचं मांजरीचा हाय."

आत्या म्हणाली, "तुमी ल्हान व्हतात, भाऊ."

"ल्हान होतो. पन डोळे होते ना, आक्का."

परतताना ओढ्यावर ते थांबले. वही काढली, "कारागिराची चूक?" यावर काट मारली, आणि ती पेन्सिल इतकी दाबून मारली की कागद फाटला.

यानंतर वाद झाला तो आधी आमच्या आमच्यातच. समिती प्रत्येक घरावर माहितीची पाटी लावणार होती; माझं म्हणणं, कपाचं त्या पाटीवर घालायचं, मोठ्या अक्षरात, सगळ्या आळीला दिसेल असं. आत्या ऐकेना. ती म्हणाली, "माजं नाव त्या कपासंगती नको. कप त्यांचा व्हता. भित माज्या बापाची हाय, ती लिवा." मी चिडून म्हटलं, मग कपाचं कुणी सांगायचंच नाही काय?

काकांनी दोन-तीन दिवस लावले आणि मला बोलावून म्हणाले, "पाटीवर तुमचं काम लिवायचं. आमचं काम मी तोंडानं सांगीन. ते सांगायचं काम तुजं नाय, आनि आक्काचं तर नायच नाय."

समितीच्या बैठकीत आम्ही दोन्ही गोष्टी मांडल्या, बांधणाऱ्यांची नावं आणि कोनाडा. अध्यक्षांचं घर आळीत सगळ्यात मोठं, आणि कळंबच्या रस्त्याला त्यांचं रिसॉर्ट. ते काही वाईट बोलले नाहीत. समजुतीनं म्हणाले, "फिटर, माणसं दोन दिवस आरामाला येतात. त्यांना कशाला हे? दिव्याचा कोनाडा राहू दे की. कुणाचं काय बिघडतं?"

"काजळी नाय," काका म्हणाले.

"पुसली असेल हो कुणी."

"मातीत मुरलेली काजळी पुसून जात नाय, शेट. आनि दिवा लिवला की पुढच्या वेळेला कोनी विचारायचंच नाय."

कुणीतरी तोड सुचवली, की सगळ्याच पाट्यांवर "ग्रामस्थांच्या सहकार्याने बांधले" असं घालू. काका म्हणाले, पाय फुटेस्तोवर माती तुडवली त्याला सहकार्य म्हनत नाय. अखेर ठरलं असं: फिटरांनी आपल्या घराच्या पाटीवर काय हवं ते लिहावं, तिच्यावर समितीचं नाव असणार नाही. बाकी घरांच्या पाट्या आणि पुस्तिका मालक सांगतील तशा. पुस्तिकेत सगळीकडे "बांधलं" परत आलं. मी तिच्यावर माझं नाव घालू दिलं नाही. आजही ती ग्रामपंचायतीत मिळते, लेखकाच्या नावाशिवाय.

काकांनी आपली पाटी स्वतः केली. पत्रा कापला, कडा कानशीनं घासल्या, पट्टीनं रेघा आखून ब्रशनं अक्षरं काढली. "हे घर बांधून घेतलं" याच्यापुढे त्यांच्या पणजोबांचं नाव. खाली: "बांधलं" आणि ओळीनं सगळे. सुतारांची नावं. कारवी, ठाकरवाडी, सगळी. मागची भिंत आणि कोनाडा, धर्मा राघो. माती तुडवली, त्यांची मुलगी पार्वती, वय आठ. शेवटची ओळ: जोतं, नाव सापडलं नाही.

वडिलांनी आत्याला रिक्षातून आणलं. तिला अक्षर येत नाही. काकांनी तिचं बोट धरून नावावरून फिरवलं. ती म्हणाली, "रंग वला हाय अजून." बोट निळं झालं होतं. ते तिनं पदराला पुसलं नाही.

पुढच्या शनिवारपासून काकांनी सांगायला सुरुवात केली. परसात पाहुणे जमले की कोनाड्यावर हात ठेवून म्हणायचे, "ह्यात माझ्या आयनं बौद्धवाडीच्या मानसांसाठी वेगळा कप ठेवला होता. घरातला कप देत नव्हती." पहिल्या वेळेला दोनदा खाकरून सांगितलं. नंतरही ते सरावाचं झालं नाही. एकदा मुंबईची एक बाई भारावून टाळ्या वाजवायला लागली. काका तिच्यावर उखडले. "टाळी कशाला? चांगला जॉब केला म्हनून सांगतोय काय मी?"

काकूंना हे मुळीच मान्य नव्हतं. गेलेल्या माणसाची अब्रू दर शनिवारी वेशीवर टांगायची, आणि ती पण परक्यांपुढं, असं म्हणून त्या चार-चार दिवस बोलत नसत. पाहुणे परसात आले की आत मिक्सर सुरू व्हायचा. काका त्याच्यावर आवाज चढवून सांगायचे. नवरा-बायकोचं हे असं तीन वर्षं चाललं. अध्यक्षांनी रिसॉर्टवरच्या पाहुण्यांना काकांच्या घराऐवजी दुसरी घरं दाखवायला सुचवून पाहिलं. पाहुणे पाटी वाचायचे आणि आपोआप मागच्या दाराकडे वळायचे.

मी आतापर्यंत बरीच शिकलेली माणसं बघितली. चूक निघाली तर ती दुसऱ्याच्या खात्यावर सरकवायची कला त्यातल्या बऱ्याच जणांना येते. सातवी शिकलेल्या या माणसाला ती आली नाही. कोनाड्याचा शोध त्यांनी दुसऱ्याच्या घरात नाही, आपल्या घरात लावला, आणि लागल्यावर मागं घेतला नाही.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर काका गेले. चार दिवस ताप आला आणि संपलं.

महिनाभर मी त्यांच्या घराकडे पाहुणे नेले नाहीत. मग एका शनिवारी काकूंनीच निरोप धाडला, आण म्हणून. दहा-बारा माणसं होती. मी त्यांना वळसा घालून परसात नेलं, गोठा दाखवला, भिंत दाखवली, आबांचं नाव सांगितलं. ते नाव सांगताना माझी मान नेहमी ताठ होते, तशी झाली. मग कोनाडा आला. एका मुलीनं विचारलं, इथं दिवा ठेवायचे का?

मला उत्तर माहीत होतं. पण काकांनी ज्या शब्दांत ते सांगितलं ते शब्द माझ्या तोंडात बसणारे नव्हते. माझ्या आईनं ठेवला होता, असं मी कसं म्हणणार? आणि काकांच्या आईनं, असं म्हटलं असतं तर ते सांगणं राहिलं नसतं, तक्रार झाली असती.

मागचं दार उघडलं. काकू हात पुसत उंबऱ्याबाहेर आल्या. इतक्या वर्षांत पाहुण्यांपुढे त्या कधी आल्या नव्हत्या.

"दिवा नव्हता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं बौद्धवाडीच्या मानसांना वेगळा कप ठेवला होता." मग माझ्याकडे न बघता, त्या मुलीकडे बघत म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले, मंग ओतायचं काम माज्याकडं आलं. हे आठवडाभर साजगावला खोलीवर असायचे, ह्यांना म्हायत नव्हतं. ही तुमाला दाखवतीय ना, हिच्या आजीच्या कपात चार वर्सं मी चा ओतलाय. वरनं."

काकूंनी उंबऱ्याशी मी काढून ठेवलेली चप्पल पायानं बाजूला केली, वाट मोकळी केली आणि म्हणाल्या, "ये गं, घेऊन ये त्यांना आत. माजघर दाखव."